औषध मारलेली घोसाळी

धाकट्या भावाने माझा दात पाडला. पहिला तडाखा माझाच होता, हे आधीच सांगून टाकते.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या मळ्यात तो घोसाळी पिकवतो. ती वेलावरच वाळवून, सोलून, अंग घासायच्या जाळ्या मी ऑनलाइन विकते. प्लास्टिकचे स्पंज सोडलेली शहरातली माणसं त्या घेतात. त्यांच्या चौकशांचा मला भारी राग यायचा. खोका कशाचा, चिकटपट्टी कागदाची का, दोरा सुतीच ना! नखरे नुसते. आणि वर जाळीवर एक काळा डाग दिसला की पार्सल परत. तेव्हा मी भावावर ओरडले होते, "पुन्हा डाग दिसला तर वेल उपटून फेकीन."

मग पुण्याच्या एका बाईने लिहिलं, "एका वर्षाच्या मुलीसाठी हवीय. तिच्या अंगावर चट्टे उठतात. काही फवारता का?" मी भावाला विचारलं, "जहर मारलं काय रे?" तो नाही म्हणाला. मी तसं कळवलं आणि बडनेऱ्याहून पार्सल पाठवलं.

आठवड्याने वेलांच्या मांडवाखाली कीटकनाशकाची रिकामी बाटली सापडली, अतिविषारीच्या लाल त्रिकोणाची. माझं डोकंच फिरलं. फवारणीच्या पंपाची नळी उचलून मी त्याच्या पाठीत हाणली. दुसरा तडाखा कानावर बसला, कान फुटला. त्याने माझी वेणी धरून तोंड मांडवाच्या लाकडी बल्लीवर आपटलं.

"तुनं जहर मारलं काय, असं पुसलं," तो किंचाळला. "मी औषध मारलं! डाग नको म्हणून कोन बोंबलत होतं?"

आमच्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. मीही जन्मभर तेच म्हणत आले. तरी मी त्याचा गळा धरलाच. शेवटी भावजयीने बादलीभर पाणी ओतून आम्हाला सोडवलं.

ओल्या कपड्यांनीच त्या बाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "तीन दिवस त्याच जाळीने अंघोळ घालतेय. आज गालही लाल झालाय. बाटलीवरचं नाव सांगा, डॉक्टर विचारतील."

ओठ फाटलेला, तोंडात रक्त; मला ते नाव धड उच्चारता येईना. "नीट सांगा हो!" ती रडत ओरडली. भावाने कानावरचा हात काढून फोन घेतला. बाटली डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर वाचलं.

मग म्हणाला, "पोरीले आताच दवाखान्यात न्या, मॅडम. मीच मारलं."