खणखणीत की बद्द

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना मामीचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला. "अगं, गेले हे," एवढंच ती म्हणाली. खाली ट्राम आली, माणसं उतरली, ट्राम गेली. त्याला आता काही आठवडे झाले.

मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. छातीचे डॉक्टर. उभं आयुष्य इथल्या हॉस्पिटलांत काढलं आणि रिटायर झाल्यावर पिनरच्या घराच्या गॅरेजमध्ये मोठ्या इंजिनाची एक जुनी अमेरिकन मसल कार आणून ठेवली. मी पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा रविवारी जेवायला बोलवायचे. मला चार लोकांत बोलायला सुचत नाही. ते त्यांनी पहिल्याच रविवारी ओळखलं असावं, कारण जेवणानंतर पाहुण्यांच्या गप्पांतून मला उठवून म्हणाले, "चल, टॉर्च धर."

गाडीत एक उणीव होती. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आठही सिलिंडरांना वाटून देणारा इनटेक मॅनिफोल्ड मूळचा नव्हता. आधीच्या कुणा मालकाने भलताच बसवला होता. मूळच्यासारखा मिळाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा मामांचा हट्ट. मग जुन्या पार्ट्सच्या बाजारांत आम्ही हिंडायचो. आधी धातूत ओतलेला नंबर वाचायचा. मग तारखेचा कोड. ती तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची हवी. "आई लेकीपेक्षा लहान असून कसं चालेल?" मामा म्हणायचे. इंजिनावर टेकणारी कड कुणी घासून घालवली नाही ना, हे पट्टी लावून बघायचं. आणि शेवटी पेशंटची छाती तपासावी तसं, पान्याने हलकेच ठोकून ऐकायचं. बिडाला तडा गेला असला की आवाज बसतो. हे ठोकणं ते मला घरी गॅरेजमध्ये जुन्या पार्ट्सवर शिकवायचे.

"अहो, माठ घेताय की काय?" मामी स्वयंपाकघरातून ओरडायची.

"माठच समज! खणखणीत हवा, बद्द नको."

मामा शेवटचे हॉस्पिटलमध्ये गेले आणि त्यांनी अमेरिकेहून मागवलेला मॅनिफोल्ड घरी आला. "तूच बघ आणि मला येऊन सांग," ते फोनवर म्हणाले. मामीने आणि मी गॅरेजमध्ये खोका उघडला. नंबर बरोबर. तारीख बरोबर. कड सरळ. मी ठोकलं... पुन्हा ठोकलं. टॉर्च तिरपा धरल्यावर रंगाखाली पुट्टी भरलेली बारीक रेघ दिसली.

मामीने टॉर्च माझ्या हातातून घेऊन बंद केला. "छान आहे म्हण. आता खरं कळून काय करायचंय त्यांना?"

वॉर्डात शिरताच मामांनी विचारलं, "वाजवून पाहिलंस?"

मामी पलंगाच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती. सगळेजण त्यांना बरे व्हाल, बरे व्हाल म्हणत होते, आणि स्वतःच्या छातीत काय वाजतंय ते त्या खोलीत फक्त त्यांना नीट कळत होतं. निदान एक तरी माणूस...

"बद्द," मी म्हणाले.

"कुठे?"

मी पांघरुणावर बोटाने जागा दाखवली. त्यांनी डोळे मिटले. "शाबास," म्हणाले. परतताना मामी माझ्या शेजारी न बसता मागच्या सीटवर बसली. मी मामांना पुन्हा पाहिलं नाही, आणि त्यांचा शेवटचा आनंद मीच हिरावला, असं मनात घेऊन दिवसकार्यात वावरले.

शेवटचे पाहुणे गेल्यावर मामी ताटं पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या दिवशी तू खाली पार्किंगचं तिकीट काढायला गेलीस ना, तेव्हा त्यांनी आयपॅड मागितला. त्यावर दुसरा मॅनिफोल्ड शोधायला लागले. म्हणाले, पुढच्या महिन्यात बाजार भरेल, तिथे मिळेल. किती दिवसांनी पुढच्या महिन्याचं बोलले गं ते..." मी तिच्या हातातलं ताट घेतलं.

विकायला निघालेल्या मॅनिफोल्डचे मेसेज त्या आयपॅडवर अजून येतात. मामीने ते बंद केलेले नाहीत. काल दुपारी तिने मला एक फोटो पाठवला. "हा बघ गं, चालेल का?"

मी फोटो मोठा करून बघितला. "नाही मामी, हा दुसऱ्याच इंजिनाचा आहे."

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. "बरं. शोधू."