चालू मशिनचा नारळ

माझ्या सासऱ्यांचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा. उभी हयात साखर कारखान्यात फिटर म्हणून गेली. मशिनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. त्यांना मी मामा म्हणायची. कसबा बावड्यातल्या घरात आम्ही तिघंच. नवरा गारगोटीला नोकरीला, सकाळी गेला की दिवेलागणीलाच परत. त्यामुळं दिवसभर तो भोंगा ऐकायला मी एकटी.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता गूळ. गुऱ्हाळात उसाचा रस उकळून घट्ट होत आला की काहील चुलवाणावरून नेमकी केव्हा उतरवायची, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. अशा म्हाताऱ्या गुळव्यांच्या आठवणी हे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, आणि खरं तर तोच माझा प्रबंध. बाकीची प्रकरणं ग्रंथालयात बसून कुणीही लिहिली असती. पण हे गुळवे परक्या बाईशी बोलतील तर शपथ! मामा मला स्कूटरवर मागं बसवून त्यांच्या दारात न्यायचे आणि "बोल की गा, माझी सून हाय," म्हणून त्यांचं तोंड उघडायचे. मला कागदावर मात्र कधी लिहू दिलं नाही. "मशिन हाय न्हवं? मग मशिनवर घे. बघू दे की त्यास्नी." लॅपटॉप आमच्याकडं तेव्हा नवलाचा होता. तो आपल्या सुनेच्या मांडीवर आहे हे साऱ्या गावानं बघावं, अशी त्यांची हौस. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

पावसाळाभर असं फिरून मी ते प्रकरण लिहिलं. प्रबंध देण्याची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. उन्हाळ्याच्या आत दिला नाही तर नोंदणी रद्द, एवढ्या वर्षांचं सगळं पाण्यात. पण काम संपत आलं होतं, म्हणून मी निवांत होते.

खंडेनवमीला मामांनी घरातलं झाडून सगळं लोखंड पुसून पूजेला मांडलं. पाने, पक्कड, विळी, स्कूटर. मग कुंकवाचा करंडा घेऊन माझ्या टेबलाकडं आले. ते टेबल त्यांनीच लोखंडी अँगल जोडून केलेलं होतं, वर फळी आणि खाली चार दणकट पाय.

"चालू कर," मामा म्हणाले.

"मामा, आज हत्यारांना सुट्टी असते ना? बंदच असू दे."

"ते विळ्या-कोयत्याला. ह्ये मशिन हाय. हंगामाचा नारळ चालू मशिनवरच फुटतो. बंद मशिनची पूजा म्हंजे मड्याची पूजा."

नवमीच्या दिवशी मड्याचं नाव नको म्हणून मी लॅपटॉप चालू केला. त्यांनी झाकणाला हळदीकुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं, आणि मला काही कळायच्या आत नारळ उचलून टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर हाणला. पहिल्या दणक्यात तो फुटला नाही. म्हणून आणखी जोर लावून हाणला. लॅपटॉप फळीवर उडाला. नारळ फुटला, मामा खूश झाले, आणि पडद्यावर निळ्या रंगात पांढरी इंग्रजी अक्षरं आली. त्यानंतर आतून फक्त टक, टक, टक.

रात्री नवरा म्हणाला, "त्यांना सांगू नकोस. जीव लावून केलंय त्यांनी." माझा जीव माझ्या प्रकरणात अडकला होता, त्याचं कुणालाच काही नव्हतं. संताप संताप झाला. नवऱ्यावर ओरडता आलं असतं, पण सासऱ्यावर कसं ओरडणार? जेवताना ताट तेवढं आपटलं.

शाहूपुरीत दुरुस्तीचं दुकान होतं. मामा बरोबर यायला तयारच. दुकानदारानं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर ओढली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघितली. तिथंही टक, टक. "गेली मॅडम," तो म्हणाला. "नवीन बसवायला लागंल. आतलं काय मिळंल असं वाटत न्हाय."

"न्हाय म्हंजे?" भोंगा सुरू झाला. "नवीन मशिन, नवमीपतोर झकास चालू हुतं. आनी तू हात लावलास की गेलं? बाजारात काय येड्यांचीच दुकानं हायती व्हय?"

दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. दुकानदारही काही कमी नव्हता.

"पावणं, मी हात लावायच्या आदीच ही मेलीया. आत तबकडी फिरती. फिरत असताना दणका बसला की तिच्यावर चरा पडतो. चालू मशिनला कुणीतरी दणका दिलाय. कुणी दिला ते घरात इच्यारा."

"कोन दणका देतंय? आमी तर पूजा केली. नारळ फोडला..."

"कशावर?"

मामा स्कूटरची किल्ली घेऊन दाराकडं वळले. दुकानदाराला ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तो एवढा हसला की गल्ल्यावर डोकं टेकलं. "चालू मशिनवर नारळ!" त्यानं शेजारच्या दुकानातल्यांनाही हाक मारून सांगितलं. हसू मलाही येण्यासारखं होतं, पण आलं नाही. मला रडू येत होतं, आणि तिथं रडायचीही सोय नव्हती.

नवीन डिस्क मुंबईहून यायला दिवाळी गेली. ती आल्यावर मी दुकानात ठाण मांडून बसले. डिस्क बसवली, फॉरमॅट झाली, सिस्टीम टाकायला सुरुवात झाली. पट्टी निम्मी भरली आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी इतके दिवस पडून रिकामी झालेली, आणि भारनियमनानं दुकानातल्या इन्व्हर्टरचाही जीव गेलेला. लाईट आली, पहिल्यापासून परत सुरू. संपत आलं तेव्हा सीडी अडकली, कारण तिच्यावर ओरखडे. दुसरी सीडी मागवली, ती घेऊन येणारा जेवायला गेला. सगळं झालं तर आवाज येईना, आणि पडद्यावर चित्र ताणलेलं. "ड्रायव्हर पायजे," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "असेल तो ड्रायव्हर घाला आणि एकदा मला सोडा." तिथंच दिवस मावळला.

घरी आणून उघडला. आत काहीच नव्हतं. नव्या घराचा चुन्याचा वास यावा तसा तो कोरा पडदा. आधीच्या उन्हाळ्यात मी सुरुवातीची प्रकरणं एका सीडीवर काढून ठेवली होती, तेवढीच आशा. सीडी घातली, फाईल उघडली, तर मराठीच्या जागी कंस, टिंबं, डॉलर, तुटकी इंग्रजी अक्षरं. त्या काळी मराठीचा फॉन्ट ज्याचा त्याचा वेगळा असायचा. ज्याच्यात टाईप केलं तो फॉन्ट मशिनमध्ये नसेल तर आपलंच लिखाण आपल्याला वाचता यायचं नाही. माझा फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेला होता. तो मिळवायला कोल्हापुरातले छापखाने पालथे घातले. कुणी म्हणालं उद्या या, कुणी म्हणालं हा फॉन्ट आता कोण वापरतंय बाई. शेवटी एकाकडं सापडला आणि गिचमिडीतून माझी वाक्यं वर आली. पण गुळव्यांचं प्रकरण त्या सीडीत नव्हतंच. ते कुठंच नव्हतं.

सकाळी मी आठवेल तसं लिहायला बसले आणि मला एकाही गुळव्याचं वाक्य धड आठवेना. सारांश आठवत होता, पण सारांशाला मी काय करू? ते कसं बोलले त्याचीच तर किंमत होती. मी लॅपटॉप फाडकन मिटला. दारात मामा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"चल," ते म्हणाले. "मशिन घे."

"कुठं?"

"चल म्हनतोय न्हवं."

गुऱ्हाळं नुकतीच पेटली होती. आम्ही गेलो त्या गुऱ्हाळाचा गुळव्या सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत खाष्ट. तोच सगळ्यांत छान बोलला होता. आम्हाला बघून त्यानं काहिलीवरची नजरसुद्धा काढली नाही.

"परत सांगायचं हाय," मामा म्हणाले.

"एकदा सांगितलं की. पावसाळ्यात माजं डोस्कं खाल्लंसा. सून इसरली व्हय?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण मामांनी हातानं थांबवलं.

"ती न्हाय इसरली. तिनं समदं लिवलं हुतं. माज्या हातनं गेलं."

"कसं?"

"चालू मशिनवर नारळ फोडला."

आवाज नेहमीचाच होता, भोंग्याचा, त्यामुळं घाण्यापासून चुलवाणापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. अख्खं गुऱ्हाळ हसलं. शाहूपुरीत ज्यांचं तोंड बंद झालं होतं, ते मामा इथं मान ताठ ठेवून ते हसणं ऐकत उभे राहिले. हसणं थांबेपर्यंत हलले नाहीत. माझा राग तेव्हा गेला असं म्हणणार नाही, पण तो कुठं ठेवायचा ते मला कळेना.

एकटा गुळव्या हसला नव्हता. तो म्हणाला, "माजा जाळ घालनारा आज आला न्हाय. तू घाल जाळ. काहील उतरंस्तोवर मी सांगतो."

आणि गुडघेदुखीनं ज्यांना जिना चढवत नव्हता, ते मामा चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाची वाळकी चिपाडं आत ढकलायला लागले. मी वर पोत्यावर बसून टाईप करत होते. धुरातून मधूनमधून हाक यायची, "घेतलंस का गं?" घेतलं म्हटलं की परत चिपाडं. मग बाकीच्या गुळव्यांकडंही गेलो. प्रत्येकाच्या दारात मामा आधी तेच सांगायचे, माज्या हातनं गेलं. मी म्हटलं, "आता नका सांगू, मामा," तर म्हणाले, "मग काय तू इसरलीस म्हनून सांगू?"

प्रबंध मुदतीत गेला.

पुढच्या खंडेनवमीला मामांनी लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं, फूल ठेवलं. मग नारळ घेऊन ते दाराबाहेर पडले, अंगण ओलांडलं, रस्ता ओलांडला. पलीकडच्या उसाच्या बांधावरनं हाक आली, "बंद हाय न्हवं गं?"

"बंद आहे, मामा," मी ओरडून सांगितलं.

तरी ते आणखी आत, उसात गेले. नारळ फुटल्याचा आवाज घरापर्यंत आला नाही.