चुकांच्या वहीचं पहिलं पान

नोकरीच्या शेवटच्या दिवशी कुलगुरूबाई कार्यालयात जायच्या सोडून प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पायात घरातल्याच चपला. ते फाटकापाशी लक्षात आलं होतं, पण परत कोण जातंय?

"निरोप समारंभ चारला ना? मग आत्ता कुठे?" नवऱ्याने विचारलं होतं.

"पाणी बघायला."

संसारात हे उत्तर त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की पेपरातून मानही वर काढली नाही. घरातला गळका नळ जिला आजवर दुरुस्त करता आला नाही ती म्हणे पाण्याची तज्ज्ञ, हा त्या घरातला जुना विनोद.

आत प्रयोगशाळेच्या जुन्या मेस्त्रीने पंप लावला होता. बारा मीटर लांबीचा काचेचा पाट कमरेच्या उंचीवर आडवा पसरलेला, आणि त्यातून पाणी धावत होतं. मध्यावर ते अडखळायचं, उसळायचं, आणि तिथे एक लाट उभी राहायची. पाणी सारखं पुढे जाई, लाट जागची हलत नसे. उन्हाची जाळी छतावर डुलत होती. बाई स्टुलावर बसल्या आणि कायमच्या सवयीने हरवल्या.

या लाटेने त्यांना आयुष्यभर नादाला लावलं होतं. साठ मुलांच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून मागच्या बाकावर बसायच्या तेव्हापासून. पुढे व्याख्याता झाल्या, प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुख झाल्या, आणि एक दिवस कुलगुरूंच्या मोठ्या खोलीत फायलींच्या ढिगाआड जाऊन बसल्या. लांबलचक बैठकांमध्ये त्या टेबलाकडे एकटक बघत राहायच्या. बाई खोल विचारात आहेत असं समजून सदस्य दबकून बोलायचे. बाईंना तिथे टेबलावर पाणी धावताना दिसत असायचं, बाकी काही नाही. त्यातून जागं झाल्यावर मात्र निर्णय चोख देत, हे त्यांचे विरोधकसुद्धा कबूल करत.

आज भिंतीवर पितळी पाटी लावलेली होती, वर कापड. चार वाजता कापड निघणार आणि प्रयोगशाळेला बाईंचं नाव मिळणार. नावाखाली त्यांचा आकडा कोरलेला होता. पाटाचा तळ पाण्याला किती अडवतो, त्याचा आकडा. याच पाटावर त्यांनी तो अडतीस वर्षांपूर्वी काढला, त्यावर पदवी मिळवली आणि पदवीवर नोकरी.

आणि तो आकडा चुकीचा होता.

हे जगात एकट्या बाईंना माहीत होतं. पाट उभारला तेव्हा त्यांनी पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने त्याची पातळी घेतली होती, गवंडी घेतात तशी. नोकरी लागल्यावर वर्षभराने विभागात पातळी मोजायचं नवं यंत्र आलं. त्याने तपासलं तर पाट एका टोकाला तीन मिलिमीटर खाली. बारा मीटरांत तीन मिलिमीटर, म्हणाल तर काहीच नाही. पण उतार चुकला की आकडा चुकलाच. बाई सुट्टीच्या दिवशी एकट्याच आल्या, पाट सरळ केला आणि तोंडाला कुलूप लावलं. पुढे विद्यार्थ्यांचे आकडे जुळेनात तेव्हा, "तळाचा रंग बदललाय ना," म्हणून मोकळ्या झाल्या. त्या आकड्याने कुठला कालवा फुटला नाही, खरं आहे. पण मनाला ते पटायला हवं ना.

मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. जो विद्यार्थी बाईंचाच आकडा लिहून आणी, त्याला शून्य. जो स्वतःचा वेगळा आकडा भीतभीत दाखवी, त्याला पैकीच्या पैकी. केवढा मोठेपणा, असं म्हणत पोरं वर्षानुवर्षं भारावून गेली. बाईंना तो मोठेपणा चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

पाट सरळ केला त्याच वर्षी त्यांनी चुकांची वही सुरू केली. ज्याच्या हातून चूक होईल त्याने ती लिहायची, खाली सही करायची. दंड नाही, बोलणी नाहीत. काच फुटली, झडप उघडी राहिली, वजाबाकी चुकली, सगळं त्यात. पहिलं पान तेवढं कोरं सोडायचं, असं बाईंनी बजावलं होतं. शोभेसाठी, म्हणाल्या होत्या. खरं तर ते पान त्यांनी स्वतःसाठी राखलं होतं, आणि धीर होत नव्हता म्हणून कधी उघडून पाहिलं नव्हतं. वही नेहमी दुसऱ्या पानापासून चाळायच्या. वह्यांनी आता कपाट भरलं होतं.

बाई उठल्या. कपाटातून सगळ्यात खालची वही काढली. पानं ओलीने चिकटलेली, नखाने सोडवावी लागली. पहिलं पान उघडलं.

पान कोरं नव्हतं. वरच्या बाजूला पेन्सिलीने, वळणदार नसलेल्या अक्षरात लिहिलं होतं: "पातळी घेताना नळीत हवेचा बुडबुडा होता, म्हणून पातळी चुकली. मला दिसला. बाई खुशीत होत्या म्हणून बोललो नाही." खाली मेस्त्रीची सही, तारीख वही सुरू झाली त्या दिवसाची.

पातळी घेतली तेव्हा तो वीस वर्षांचा होता, नळीचं दुसरं टोक धरून उभा. आता केस पांढरे झालेले, पंपाशी पाठमोरा उभा राहून झडप पुसत होता. पुसायला काही नव्हतं.

"मेस्त्री, इतकी वर्षं गप्प राहिलात?"

"तुम्हीपण राहिलात की, बाई," तो न वळता म्हणाला. "खाली जागा सोडलीय बघा."

खरंच सोडली होती. अर्धं पान. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग पर्समधून पेन काढलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं, सगळं, रंगाच्या थापेसकट. सही करताना सवयीने 'कुलगुरू' लिहायला गेल्या, ते खोडलं आणि नुसतं नाव ठेवलं.

"चार वाजता हे पान वाचून दाखवणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं लिहिलेलं वाचलं तर चालेल?"

"आधी माझं वाचा. आधी मी लिहिलंय."

बाई रडता रडता हसल्या. मेस्त्रीने पंप चालूच ठेवला आणि पाटी उतरवायला स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला.