धर्माजीचा डावा पाय

आमच्या गावात कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे देवाच्या आधी इजाबेलला कळतं, असं लोक म्हणायचे. म्हणजे चेष्टेनेच, आणि तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. इजाबेल रोशा म्हणजे उंच, हाडापेराने मोठी, खणखणीत आवाजाची बाई. नवरा जहाजावर खलाशी होता, तो ऐन तिशीत गेला. मूलबाळ नाही. रेवदंड्याच्या बाजारात सुक्या मासळीची पाटी लावायची आणि उरलेला सगळा वेळ चर्चला द्यायचा, हाच तिचा संसार झाला. चर्चचं गरिबांसाठी एक मंडळ आहे. कागदावर त्यात आम्ही पुष्कळ जण आहोत, मी चर्चमध्ये पेटी वाजवतो म्हणून माझंही नाव आहे. काम मात्र ती एकटी करायची आणि आम्ही बैठकीला चहा प्यायचो.

तिला एकच वेड होतं, स्वच्छतेचं. जुने कपडे आले की ती स्वतः धुवायची, इस्त्री करायची, तुटलेली बटणं लावायची आणि मगच वाटायची. "गरिबाला फाटका चालेल, मळका न्हाय," असं म्हणायची. ज्याला द्यायचं त्यालाही आधी हातपाय धुवायला लावायची. लोक गरिबाकडे बघून नाक मुरडतात, त्यांना मुरडायला कारणच ठेवायचं नाही, हा तिचा हिशोब. मला तो तेव्हा पटायचा.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. बारा जण वेदीपुढे खुर्च्यांवर बसतात, फादर कंबरेला टॉवेल बांधून गुडघ्यावर येतात, पाय धुतात, पुसतात, त्याचं चुंबन घेतात. आता हे बारा प्रेषित वर्षानुवर्षं त्याच चारपाच घरांतले. त्या घरांत सकाळपासून पायांची धुलाई चालते. वजरीने टाचा घासायच्या, नखं काढायची, वरून खोबरेल चोळायचं. फादरांच्या हाताला मळ लागला तर घराण्याचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. एका वर्षी एकाच्या टाचेला भेगा दिसल्या, त्यावर पुढच्या नाताळपर्यंत गप्पा चालल्या. आणि धुतात तो एकच पाय, उजवा. डावा आपला बुटात, खुर्चीखाली.

दोन वर्षांपूर्वी फादर ऑस्टिन नवीन आले. तरुण, तापट, न्यायाच्या गोष्टी बोलणारे. पहिल्याच प्रायश्चित्तकाळात, म्हणजे उपासाच्या चाळीस दिवसांत, त्यांनी वेदीवरून सांगितलं, "आपण आपलेच पाय धुतोय आणि त्याला सेवा म्हणतोय. यंदा कातकरवाडीतले बारा जण बसतील." चर्चमध्ये कुजबुज झाली. ते आपल्यातले नाहीत, त्यांना आपली मिस्सा-उपासना कळत नाही, बायका काय म्हणतील, पुरुष काय म्हणतील. फादर हटले नाहीत. बारा माणसं तयार करून आणायचं काम अर्थातच इजाबेलवर आलं.

वाडी पुलापलीकडे, चौलच्या अंगाला. तिथली माणसं बागायतदारांच्या सुपाऱ्या पाडतात, खाडीत कालवं काढतात, मिळालं तर मिळालं. इजाबेलला सगळे ओळखत होते, तरी चर्चमध्ये सगळ्यांसमोर बसायला कुणी तयार होईना. पहिला हो म्हणाला तो धर्माजी मुकणे. काटकुळा, सदा हसरा माणूस. तो उठला म्हणून बाकीचे उठले, आणि तो बसला असता तर बाकीचेही बसले असते, हे इजाबेलला पक्कं माहीत होतं.

बुधवारी ती घमेलं, साबण, वजरी आणि नव्या सदऱ्यांचं गाठोडं घेऊन वाडीत गेली. पुढचं मी पाहिलेलं नाही. तिने मला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, दर वेळी तेच शब्द.

ओळीने बसवून ती एकेकाचा उजवा पाय घासत होती. धर्माजीपाशी आली तर त्याच्या डाव्या पायाला फडकं बांधलेलं.

"काय झालाय रे?"

"कालवाचं शिंपलं लागलं, बाय. खाडीत. व्हईल बरं."

तिने फडकं सोडायला लावलं. पाय घोट्यापर्यंत सुजला होता, बोटांच्या बेचक्यात काळा पडला होता आणि वास येत होता. धर्माजीची बायको सगुणा मागे उभी होती. ती म्हणाली, "त्याला ताप हाय, बाय. खात न्हाय काय. दवाखान्यात न्या ना."

"न्हेते," इजाबेल म्हणाली. "सिस्टरांचा दवाखाना या आठवड्यात बंद हाय. उद्याचं होऊन जाऊ दे, मग मी स्वतः अलिबागला न्हेते."

अलिबागचं सरकारी इस्पितळ उघडं होतं. रिक्षा दारात उभी होती. पण धर्माजी गेला तर बाकीचे फुटतील, फादरांचं हसं होईल, आणि ती चारपाच घरं म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? धर्माजीही म्हणाला, "उद्याचं व्हऊ द्या, बाय. फादर माझं पाय धुनार." तो खूश होता. कुणीतरी आपले पाय धुणार, हे त्या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडणार होतं.

तिने जखम डेटॉलने धुतली, पट्टी बांधली, तापाच्या गोळ्या दिल्या. मग गाठोड्यातून पांढरे पायमोजे काढले, नवे, प्लास्टिकच्या पिशवीतले. डाव्या पायात एक चढवला. उजवा पाय उघडाच लागणार होता, म्हणून दुसरा मोजा तिने पिशवीसकट सगुणाच्या हातात दिला. "नीट ठेव," म्हणाली.

गुरुवारी चर्च भरलं होतं. बारा जण पांढऱ्या सदऱ्यांत बसले, सगळ्यांचे उजवे पाय आरशासारखे लखलखीत. मी पेटीवर होतो, माझ्यासमोरच धर्माजीची खुर्ची. तो हसत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मला वाटलं, बिचारा बावरलाय. धूप त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त घातला होता, तोही इजाबेलच्या सांगण्यावरून. फादरांनी पाय धुतला, पुसला, ओठ टेकले. कुणीतरी फोटो काढला. कितीतरी बायकांनी डोळे पुसले, आणि नाक मुरडायला आलेल्यांनाही जागा सापडली नाही. इजाबेल खांबापाशी उभी होती. तिला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

मिस्सा संपली आणि टेम्पो सगळ्यांना घेऊन वाडीवर गेला, धर्माजीलाही. इजाबेलला रात्रीच्या आराधनेची तयारी बघायची होती. शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसाची वाट, उपास, दुपारची उपासना, सगळं तिच्याच अंगावर. वाहन काढायचं नाही, बाजार करायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, असा आमचा तो दिवस. शनिवारी सकाळी पहिलं काम धर्माजीचं, असं तिने मनात ठरवलं होतं.

सगुणा शुक्रवारीच आली होती. भर उन्हात पूल चालत ओलांडून ती चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन चाललं होतं. दारातल्या एका गृहस्थाने तिला सांगितलं, "नंतर ये. आता प्रभूचं मरण चाललंय." ती थोडा वेळ उन्हात थांबली आणि परत गेली. तो गृहस्थ कोण ते मला माहीत आहे. दरवर्षीच्या प्रेषितांपैकीच आहे, आणि अजूनही पहिल्या बाकावर बसतो. त्याला बघितलं की माझे सूर चुकतात.

शनिवारी इजाबेल वाडीत गेली तेव्हा धर्माजी माणसं ओळखत नव्हता. अलिबागला डॉक्टरांनी मोजा कात्रीने कापून काढला, तो कातडीला चिकटला होता. रक्तातली साखर खूप वाढलेली होती, याचा कुणाला पत्ताच नव्हता. विष वर चढलं होतं. ईस्टरच्या सकाळी त्यांनी पाय गुडघ्यापासून काढला, आणि तरी दोन दिवसांनी धर्माजी गेला. बुधवारी आणला असता तर, असं एक डॉक्टरीण म्हणाली. इजाबेल समोरच उभी होती.

तो फोटो मात्र जगला. एका मासिकात छापून आला, मग काचेत बसून चर्चच्या हॉलमध्ये लागला. खाली सोनेरी अक्षरांत "प्रेमाची सेवा". इजाबेलने स्टुलावर चढून तो उतरवला. फादर ऑस्टिन म्हणाले, "इजाबेल मावशी, तुमचं दुःख कळतं मला. पण या फोटोत वाईट काय आहे?"

"फादर, याच्यात डावा पाय कुठाय?"

फादर वाईट माणूस नाही. पण पाहुणे येणार होते आणि भिंत रिकामी दिसत होती, म्हणून फोटो पुन्हा लागला.

तेव्हापासून इजाबेल बदलली. आवाज बसल्यासारखा झाला. कपडे अजून वाटते, पण धुण्या-इस्त्रीत दिवस घालवत नाही. कुणी आजारी आहे कळलं की मिस्सा अर्धी सोडून उठते, चपला वाजवत बाहेर जाते, आणि लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. तिला कुणी समजावलं की तुझा काय दोष, त्याचं आयुष्यच तेवढं होतं, तर ती त्याला तिथेच सोडून चालू लागते.

यंदाच्या पवित्र गुरुवारी वाडीतलं कुणी आलं नाही. बोलवायला गेलेल्यांना त्यांनी पाणी दिलं, आणि नाही म्हणून सांगितलं. पुन्हा त्याच चारपाच घरांत साबण लागला, खोबरेल लागलं. इजाबेल जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी चर्चला गेली नाही. मी पेटी भाचीच्या हवाली केली आणि तिच्याबरोबर रिक्षात बसलो. तिने एकटीने जाऊ नये असं मला वाटलं.

वाडीत ती जमिनीवर बसली. घमेलं पुढे घेतलं. पोरं आली, म्हाताऱ्या आल्या. प्रत्येकाचा ती आधी डावा पाय हातात घ्यायची, बोटं फाकवून बघायची, मग उजवा. एका म्हातारीच्या टाचेत काटा होता, तो तिने काढला. एका बाईच्या बोटाला पू झाला होता, तिला लगेच रिक्षात बसवून ठेवलं. सगुणा आपल्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"सगुणा, ये ना गो," इजाबेल म्हणाली.

सगुणा आली नाही. ती आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी न मोडलेला एक पांढरा मोजा.

"ह्यो ऱ्हायला होता, बाय. कोरा हाय. कुनाला लागंल तर द्या."

टोमणा नव्हता तो. त्या घरात चांगली वस्तू वाया घालवत नाहीत, एवढंच. टोमणा असता तर सोसायला सोपं गेलं असतं. इजाबेलने पिशवी दोन्ही हातांनी घेतली, वेदीपुढे पवित्र भाकर घेतात तशी. सगुणा दारात परत जाऊन बसली आणि तिने पाय लुगड्याखाली घेतले.

येताना त्या बाईला दवाखान्यात पोचवलं. पुलावर आलो तेव्हा आमच्या चर्चमधलं गाणं पाण्यावरून ऐकू येत होतं. इजाबेल पिशवी मांडीवर धरून बसली होती.

"उजव्या पायाचा हाय," ती म्हणाली.

मोज्याला डावा-उजवा नसतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी तिला ते सांगितलं नाही.