सेकंदाला दहा ठोके

पोलीस खात्यातल्या तेहतीस वर्षांत माझ्या हातून शेकडो तपास गेले. बहुतेकांचे गुन्हा क्रमांकसुद्धा आता आठवत नाहीत. एका मनगटी घड्याळाची तक्रार मात्र अजून मनातून जात नाही, कारण त्यात पहिली चूक माझी होती.

तेव्हा मी बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. गावातले एक निवृत्त प्राध्यापक फिर्याद द्यायला आले. त्यांची मुलगी जपानमध्ये नोकरी करते. वडिलांच्या निवृत्तीला तिने तिथलं एक भारी घड्याळ दिलं होतं. सेल नसलेलं, चावीवर आणि हाताच्या हालचालीवर चालणारं. पट्टा सैल होतो म्हणून सरांनी ते बसस्थानकासमोरच्या घड्याळजीकडून घट्ट करून घेतलं. पुढे महिनाभराने ते मुंबईला कंपनीच्या केंद्रात दाखवलं, तेव्हा कळलं की घड्याळाची बाहेरची डबी, काटे, तबकडी अस्सल आहेत, पण आतलं मशीन भलतंच बसवलेलं आहे आणि तबकडी गोंदाने चिकटवलेली आहे.

"त्या टपरीवाल्यानेच काढलं," सर म्हणाले. "दुसरं कोण काढणार?"

मीही मनात तेच म्हटलं. गुन्हा दाखल केला, घड्याळ मुद्देमाल म्हणून जप्त केलं.

हा घड्याळजी मूळचा साखरखेर्ड्याचा. वय त्रेसष्ट. सात फूट बाय चार फुटांचं दुकान, त्यात एकेचाळीस वर्षं बसलेला. दुसऱ्याच दिवशी मला खबर लागली. शेजारचा मोबाइलवाला आमच्या हवालदारांना म्हणाला, "म्हाताऱ्याच्या गल्ल्यात एक डबी हाय. रोज दुपारी उघडून पाह्यते अन् बंद करते. काय हाय ते कोणाले दाखवत नाई."

दोन पंच घेऊन झडती घेतली. डबीत मशीन नव्हतं. मासिकातून कापलेलं एक रंगीत चित्र होतं, घड्या पडून पडून चिरलेलं. त्याच जपानी कंपनीच्या मशीनचं चित्र, आणि कडेने पेन्सिलने बारीक आकडे. मला वाटलं, हेतू सापडला. ज्याला त्या मशीनची किंमत कळते असा तालुक्यात हा एकच माणूस, आणि घड्याळ नेमकं त्याच्याच हातात आलेलं.

नोटीस देऊन त्यांना ठाण्यात बोलावलं. मी तेवीस प्रश्न विचारले. जबाब अजून डोळ्यांसमोर आहे.

"हे चित्र कशासाठी जपलं?"

"देवाचा फोटो ठिवते ना माणूस, तसं."

"थट्टा नको."

"थट्टा नाई साहेब. मशिनीचं घराणं हाय ते. नऊ-एस म्हंतात. थोरला सेकंदाले आठ ठोके देते. त्याच्यानंतरचा दहा देते. दहा ठोके म्हंजे आतलं चाक किती पळत असन पाहा, अन् तरी पंचावन्न तास चावी पुरते. त्याच्याबी नंतरचा आला, तो दहा ठोके देऊन ऐंशी तास चालते. डबीत बसवायच्या आधी सतरा दिवस तपासतात त्याले. उभं, आडवं, उलटं, सहा तऱ्हेनं ठिवून. थंडीत अन् गरमीत. दिवसाले पाच सेकंद पुढं नाईतर तीन मांगं, बस. माही सारी जिंदगी दिवसाले अर्धा मिनिट चुकनारी घड्याळं दुरुस्त करण्यात गेली."

बोलताना ते आरोपी आहेत हे ते विसरले होते. मी विसरलो नव्हतो.

"मग ते हातात आल्यावर उघडून पाहावंसं वाटलं नाही?"

"लय वाटलं. पन सरांनी पट्टा सांगतला होता. मालकानं सांगतल्याबिगर मी झाकन उघडत नाई. पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या अन् घड्याळ नुसतं कानाले लावलं." ते थांबले. "आठच आयकू आले, साहेब."

"म्हणजे?"

"तबकडीवर छत्तीस हजार लिवलं हाय. ते दहाचं मशीन पाह्यजे. मले आठच आयकू आले."

"मग तेव्हाच सरांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? आधी वाटलं माहाच कान गेला. मंग वाटलं, पोरीनं इतक्या दूरून बापाले देल्लं. तिलेच कोनी फसवलं असन. टपरीवर बसून मी त्याईले कसं सांगू, का तुमचं नकली हाय?"

हवालदार हसून म्हणाले, "कानाने सेकंदाचे आठ आणि दहा मोजता? मग आमच्या ठाण्यातले तासाचे टोलही तुम्हीच द्यायला पाहिजेत." घड्याळजी हसले नाहीत. मीही विश्वास ठेवला नाही. पकडला गेल्यावर माणूस सोयीचं सांगतो, हा माझा नेहमीचा अनुभव. सोमवारी पुन्हा या असं सांगून सोडलं. सोमवारी अटक करायची हे मी ठरवून ठेवलं होतं.

तोवर बातमी फुटली. लोक आपापली घड्याळं परत न्यायला दुकानावर जमले. घड्याळजींनी एकालाही अडवलं नाही. प्रत्येक घड्याळ पुसून, वेळ लावून हातात देत होते. खिळ्यांवर चौसष्ट घड्याळं टांगलेली होती, ती तीन दिवसांत नऊवर आली. लोणारहून आलेली एक बाई म्हणाली, "काका, मले काई वाटत नाई, पन आमचे हे आयकत नाईत." ते म्हणाले, "घेऊन जा माय. काचेले जपजो."

हे हवालदारांनी मला सांगितलं, तेव्हा मी तो जबाब पुन्हा काढला. मला आकडे तपासल्याशिवाय सोडवत नाही. छत्तीस हजार हा तासाचा आकडा असेल, तर तासाचे सेकंद छत्तीसशे. भागाकार दहा. म्हातारा निदान हिशेबात खोटं बोलला नव्हता. मग फिर्याद उघडली आणि लाज वाटली. आरोपीला तेवीस प्रश्न, फिर्यादीला चार. घड्याळ आणखी कोणाच्या हातात गेलं होतं, हा प्रश्न त्यात नव्हताच.

सरांच्या घरी गेलो. चहा झाला. घड्याळाचा विषय निघताच त्यांनी कौतुकाने फोन पुढे केला. "हे बघा, मुलीने देतानाच काढलेला व्हिडिओ. मंद गतीत काढलाय. काटा कसा सरकतो बघा, जणू पाण्यावरून."

मी तो सावकाश चालवला. पाच सेकंदांच्या अंतरावरच्या दोन खुणांमध्ये सेकंदकाट्याची पावलं मोजली. पन्नास. पुन्हा मोजली. पन्नास.

"असे आणखी आहेत?"

"आहेत की. मुलीनेच शिकवलं काढायला. मित्रांच्या ग्रुपवर टाकत असतो. त्यांना जळवायला," ते हसत म्हणाले.

एका व्हिडिओची तारीख दुकानात जाण्याच्या दोन दिवस आधीची होती. मोजलं. चाळीस. फोन सरांच्या हाती दिला आणि म्हणालो, "आता तुम्ही मोजा, सर."

त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी आकडा मोठ्याने म्हटला, "चाळीस." चाळीस म्हणजे सेकंदाला आठ. घड्याळजीने ते हातात घेण्यापूर्वीच मशीन बदललेलं होतं, आणि त्याचा पुरावा फिर्यादीने स्वतःच साठ मित्रांना पाठवून ठेवला होता. त्यातल्या एकानेही मोजलं नव्हतं.

राहिलेला प्रश्न मी तेव्हा विचारला. सर फोन खाली ठेवून म्हणाले, "डबीवर ओरखडा पडला होता. पट्ट्याच्या आधी एका लग्नाला शहरात गेलो तेव्हा पॉलिश करायला दिलं होतं. दोन दिवस. पण ते दुकान तसलं नाही हो. काचेचं दार, वातानुकूलित, छापील पावती."

पॉलिश करायचं तर मशीन बाहेर काढावंच लागतं. दोन्ही व्हिडिओंच्या प्रती काढून घेतल्या, पंचनामा करून सरांचा फोन सील केला आणि पथक घेऊन शहरात गेलो. तिथल्या कारागिराला मी आवाज चढवून काही विचारलं नाही. आमच्या एका फोनवर पन्नासचा आणि दुसऱ्यावर चाळीसचा व्हिडिओ लावून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पावतीवरची तारीख दाखवली. वीस मिनिटांनी तो म्हणाला, "पाणी द्या." मशीन त्याच्या घरी, सुट्या भागांच्या डबीत कापसात गुंडाळलेलं मिळालं. गिऱ्हाईक अजून मिळायचं होतं.

ठाण्यात त्या मशीनची ओळख पटवायला जाणकार म्हणून मी घड्याळजींनाच बोलावलं. त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले, डोळ्याला भिंग लावलं. चाकांवरचे बारीक पट्टे उजेडात चमकत होते. त्यांनी चिमट्याने मशीन उचललं, चावी थोडी फिरवली, आणि छोटं चाक पळायला लागलं. ओळख पटायला एक मिनिट पुरलं असतं. ते चौदा मिनिटं पाहत होते. मी थांबवलं नाही. पंचनाम्यात सुरुवात आणि शेवट, दोन्ही वेळा बरोबर लिहिल्या.

"आता आयकू येते?" हवालदारांनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"दहा," ते म्हणाले. "माहा कान शाबूत हाय."

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी आरोपीला जितके प्रश्न विचारले, तितके फिर्यादीलाही विचारले. टपरीवर संशय घ्यायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं आणि काचेच्या दाराचं नाव मनात आलं नव्हतं. ज्याला वस्तूची खरी पारख आणि ओढ आहे तोच ती चोरेल, असं मी धरून चाललो होतो. त्या माणसाने इतकी वर्षं जे पाहायची वाट पाहिली, ते हातात आल्यावरही मालकाने सांगितलं नाही म्हणून झाकण उघडलं नाही. असा संयम मी खात्यातही क्वचित पाहिला.

पण गेलेलं नाव परत देण्याचा नमुना आमच्या छापील फॉर्ममध्ये नाही. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मी गणवेशात त्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो. सर आधीच तिथल्या स्टुलावर बसलेले होते. काय बोलणं झालं होतं मला माहीत नाही. दोघांच्याही हातात अर्धा अर्धा चहा होता. मी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घड्याळजींना दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, झाकणाकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवल्यावरच उघडलं.

"साहेब, याच्यात तर काईच बिघाड नाई."

"माहीत आहे," मी म्हणालो. "आठ दिवस इथेच राहू द्या. सगळ्यांना दिसेल अशा पुढच्या खिळ्यावर टांगा."