लेझरने खाल्लेली रेघ

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गडब गावात आमच्या ओटीवर बाबांनी बारीक पात्याची करवत फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "आता नाय जमत." हात थरथरायला लागले होते त्यांचे...

बाबा सुतार. पण खरा जीव प्लायवूडच्या खेळण्यांत. दांडा फिरवला की आतलं चाक फिरायचं आणि वरचा कोंबडा दाणे टिपायचा. सगळं डिझाइन त्यांचं स्वतःचं, चौथी शिकलेल्या माणसाचं!

करवत ठेवल्यापासून मात्र नुसते बसून असायचे. जेवायला हाक मारली तरी जागचे हलायचे नाहीत. मला बघवत नव्हतं हो.

मी तेव्हा रोह्याला एका कंपनीत कम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचे. म्हटलं, हात नाही चालत तर मशीन कापेल! बाबांचा कोंबड्याचा कागदी नमुना मोजून जसाच्या तसा काढला आणि फ्लॉपी ठाण्याच्या एका लेझरवाल्याकडे दिली. मनातून केवढी फुशारकी... आपण म्हणजे कोण!

तुकडे आले. काय ती सफाई! बाबांसमोर तोऱ्यात जोडायला बसले आणि... एकही सांधा धरेना. हा बसवला की तो निसटतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबांना उभारी द्यायला निघालेली मी, त्यांच्याच पुढ्यात रडकुंडीला आले.

बाबांनी एक तुकडा उचलला. जळकी कड अंगठ्याने चाचपली, कागदी नमुन्यावर ठेवून बघितली.

"गो, तुझी मशीन रेघ खाते."

"म्हणजे?"

"आपण रेघ ठेवून कापतो, मग घासून घट्ट बसवतो. ही रेघच जाळते. दात बारीक झाला, खाच रुंद झाली. मग धरणार कसा?"

हात्तिच्या! लहानपणापासून "रेघ ठेव गो, रेघ ठेव" ऐकत आलेली मी... आणि कम्प्युटरपुढे बसल्यावर अक्कल गहाण टाकली.

मग बाबा बसले की शेजारी! कुठे केसभर वाढवायचं, कुठे कमी करायचं, ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. चार दिवस जेवतानाही तोच विषय. आई वैतागली, "आता ताटात पण कोंबडाच वाढू का?"

दुसऱ्या खेपेचे तुकडे आले तेव्हा मी मुद्दाम हात लावला नाही. बाबांचे हात थरथरतच होते, पण एकेक दात खाचेत घट्ट बसत गेला. वेळ लागला... लागू दे. दांडा फिरवला आणि कोंबड्याने दाणा टिपला!

बाबांनी डोळे पुसले. म्हणाले, "आता रहाट करू. कागद आण."

मी आत जाऊन रडून घेतलं. इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्या हातांकडेच बघत होतो, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा न विचारताच ड्रॉइंग काढून मोकळी झाले होते... बरं झालं, चुकले.