अंगठा आणि तर्जनी

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर कार्ड लावण्याआधी तो रोज क्षणभर थांबायचा, डोळे मिटायचा आणि अंगठा तर्जनीवर घट्ट दाबायचा. ही युक्ती आमच्याच शिबिरातली. बोटं दाबून आपण जिंकलो तो क्षण आठवायचा, की आत्मविश्वास येतो, असं शिबिरात आलेला कोच सांगून गेला होता. कायम करा म्हणून कंत्राटी कामगार मागे लागले होते, त्यांना गप्प करायला ते शिबिर मीच ठरवलं होतं. बाकीचे कँटीनमध्ये कोचची नक्कल करून हसायचे. हा एकटा मनापासून करत राहिला. त्याचं नाव मला माहीत नाही. ते ठेकेदाराच्या यादीत असायचं.

मार्चमध्ये आम्ही त्या सगळ्यांची कार्डं बंद केली. त्या सकाळी मी गेटवरच होतो. मशीनवर लाल दिवा लागला. तो मागे सरला, नखं पांढरी पडेपर्यंत बोटं दाबली आणि पुन्हा कार्ड लावलं. पुन्हा लाल.

"राहू दे भाऊ, ठेका संपला," मी म्हणालो.

"नाही सर," तो मलाच समजावत म्हणाला, "माझंच काहीतरी कमी पडतंय."

शिबिर कामाला आलं होतं.